आवाजबंदी

धनकवडीतल्या भोइट्यांच्या गिरणीचा नियम होता, दवंडी लागली की गिरणी बंद. ज्वारी अर्धी दळून अडकली तरी चालेल, पण वैजयंताबाई बोलत असताना पट्टा फिरता कामा नये. असा मान आजवर एकाही मंत्र्याला मिळाला नव्हता.

त्या सकाळी वैजयंता खरात स्वतः गव्हाचा डबा घेऊन त्या रांगेत उभी होती. तिला कुणी ओळखलं नाही आणि त्यात नवलही नव्हतं. सगळं राज्य तिला ओळखायचं ते कानांनी. दिसायला ती शेचाळीस वर्षांची, सुती साडीतली, कुठल्याही कचेरीत दिसेल अशी बाई होती.

रांगेतले फोन एकदम वाजले. भोइट्यांनी खटका ओढला, पट्टा फडफडत थांबला.

"नमस्कार, मी वैजयंता. ऐका आणि सावध राहा. तुमचा फोन नव्या सुरक्षा यादीत घ्यायचा आहे. मी म्हणते ते माझ्यामागून स्पष्ट आवाजात म्हणा."

वैजयंताला आधी वाटलं, हे मी कधी रेकॉर्ड केलं? ती खरोखरच आठवायला लागली. आवाज तिचाच होता. वाक्याआधी घेतलेला लहानसा श्वास तिचा, शेवटच्या शब्दावर सूर जरा खाली सोडायची सवय तिची. मग रांगेतल्या बायाबाप्यांनी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं एका सुरात म्हणायला सुरुवात केली. "मी..." प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव घेतलं. "...माझ्या राजीखुशीनं संमती देते."

"म्हणू नका," ती ओरडली. "हे मी बोलत नाहीये."

"शू," पुढची बाई म्हणाली. "दवंडी चालू आहे ना."

"अहो, मीच वैजयंता आहे."

बाईनं वळून पाहिलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग तो आवाज तिला पटला आणि चेहरा खुलला. "अय्या, तुम्हीच का? बरं झालं बाई भेटलात. माझं नाव मघाशी अडखळलं. परत म्हणू का?"

संध्याकाळपर्यंत त्याच बाईच्या आवाजात तिच्या भावाला फोन गेला होता, आणि माहेरच्या जमिनीवरचा तिचा हक्क आवाजी सहीनं सोडूनही झाला होता. ती स्वतः मात्र घरी पोळ्या लाटत होती.

ही आवाजी सही काय भानगड, ते सांगायला हवं. काही वर्षांमागे सरकारच्या लक्षात आलं की कष्ट करणाऱ्या माणसाचे अंगठे झिजतात आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, त्यामुळे अंगठा आणि डोळा दाखवून ओळख पटवायची सोय पुष्कळांना फोल ठरते. आवाज मात्र टिकतो. घशाची घडण, टाळूची कमान, नाकातली पोकळी, पडलेला एखादा दात, या सगळ्यांतून जो नाद घडतो तो दुसऱ्या कुणाचा नसतो. म्हणून बँकेत, तलाठ्याकडे, रेशनवर, सगळीकडे बोलून सही करता येऊ लागली. लोक खूश झाले. चोर त्याहून खूश झाले. कारण तोवर कुणाचीही चार वाक्यं ऐकून त्याच्या आवाजात हवं ते बोलणारी यंत्रं टपरीवरच्या चहाइतकी स्वस्त झाली होती.

मग सरकारनं दवंडी काढली. राज्यातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी वाजणारी सावधगिरीची सूचना. तज्ज्ञ म्हणाले, लोक शिक्क्यावर विश्वास ठेवत नाहीत, ओळखीच्या माणसावर ठेवतात, तेव्हा आवाज कायम एकच असू द्या. पोलिसांच्या सायबर कक्षात कारकून असलेल्या वैजयंताची निवड झाली. तिचे वडील नामदेव खरात पाटण तालुक्यातल्या आंबेघळ गावचे कोतवाल. त्यांनी उभा जन्म हलगी बडवत वाड्यावस्त्यांवर दवंडी दिली होती, आणि लेकीच्या आवाजात त्यांचाच खणखणीतपणा उतरला होता.

तिनं लोकांना खूप शिकवलं, आणि लोक शिकलेही. आलेल्या फोनवर विसंबू नका, ठेवा आणि आपल्याकडच्या नंबरावर तुम्हीच उलटा लावा. घरातलं गुपित सांगितलं म्हणून समोरचा आपला होत नाही, गुपितंही चोरीला जातात. आपलं माणूस म्हणवतो आणि त्या माणसाच्या आवाजात बोलत नाही, त्याला दार उघडू नका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हे पाठ होतं. आंबेघळच्या नामदेवआबांना तर सगळ्यांत जास्त, कारण त्यांना ते शिकवायला लेक दर पंधरवड्याला घरी येत होती.

दवंडी खरी आहे हे फोनला कळावं म्हणून आवाजात एक शिक्का दडवलेला असे, माणसाच्या कानाला न कळणारा. तो उमटवायची किल्ली एकच असायला हवी होती. पण पोलीस म्हणाले ती आमच्याकडे हवी, दूरसंचारवाले म्हणाले आमच्याकडे, महसूल आणि आरोग्य मागे कसे राहतील. चारही खात्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून तडजोड निघाली आणि किल्लीच्या चार प्रती झाल्या. त्यातली एक कुठून तरी बाहेर गेली. कुठून, हे विचारल्यावर चौघांनी कानांवर हात ठेवले.

गिरणीतल्या प्रकारानंतर त्याच दुपारी वैजयंतानं स्टुडिओत जाऊन खुलासा दिला, सकाळची दवंडी खोटी आहे. दवंडीवर नेमलेल्या आवाजाशिवाय दुसरा आवाज लावायचा नाही असा शासन निर्णय होता, त्यामुळे खोट्या वैजयंताला खोटं म्हणायचं काम खऱ्या वैजयंतालाच करावं लागलं. लगोलग दुसरी दवंडी आली, "दुपारची सूचना खोटी आहे, सकाळचीच खरी." रात्रीपर्यंत राज्याच्या फोनांत दोन वैजयंता एकमेकींशी भांडत होत्या, आणि लोक जी गोड बोलत होती तिचं ऐकत होते. शेवटी नियम मोडून मंत्रीमहोदय स्वतः बोलले. लोक म्हणाले, वैजयंताबाईंनी सांगितलंय, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यात बैठक भरली. चार खात्यांचे चार अधिकारी टेबलाच्या चार कडांना बसले होते. अध्यक्षस्थानी सचिव सुलभा पारसनीस होत्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बोलायचं काम त्यांनी इक्बाल तांबोळी या इंजिनिअरवर सोपवलं होतं. तो वैजयंताच्याच कक्षात होता आणि तिला ताई म्हणायचा.

"शिक्का बदलायला महिने लागतील," इक्बाल म्हणाला. "प्रत्येक फोनमध्ये नवा घालावा लागेल. पण बंदीची यादी दर तासाला ताजी होते. चोरांचे जे आवाज सापडतात त्यांचे ठसे आपण त्या यादीत घालतो. एकदा ठसा गेला की तो आवाज कुठल्याच यंत्रातून पार होत नाही. फोन, टीव्ही, स्पीकर, काही नाही."

"मग घाला की तो आवाज," महसूलचे अधिकारी म्हणाले.

"तो आवाज ताईंचा आहे, साहेब."

वैजयंताला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. "पण मी खरी आहे. ती नक्कल आहे. यंत्राला फरक कळत नाही का?"

"फरक कळला असता तर आपण इथं बसलोच नसतो, ताई."

"किती दिवसांसाठी?"

इक्बालनं चष्मा काढून पुसला. "कायमचं. बंदी उठवली की त्यांच्याकडच्या नकलाही त्याच क्षणी जिवंत होणार."

ठीक आहे, वैजयंतानं स्वतःला समजावलं. फोनवर बोलता येणार नाही. जगात माणसं फोनशिवाय जगलीच ना. दवंडी जाईल, लोक विसरतील. आणि मग तिच्या एकदम लक्षात आलं.

"कानातली यंत्रं?" तिनं विचारलं.

इक्बाल खाली बघायला लागला. आरोग्य खात्याच्या माणसाला मात्र आपल्या योजनेविषयी बोलायची हौस होती. सरकारनं बहिऱ्या ज्येष्ठांच्या कानामागे शस्त्रक्रियेनं यंत्रं बसवली होती. बाहेरचा सगळा आवाज ते यंत्र आधी स्वतः घेतं, निवडतं आणि मग कानाच्या नसेपर्यंत पोचवतं. गेल्या वर्षी चोर थेट त्या यंत्रांत शिरून म्हाताऱ्यांच्या डोक्यात बोलायला लागले, तेव्हा खात्यानं त्यांत बंदीची चाळणी सक्तीची केली. कौतुकाची गोष्ट होती, पेपरात आली होती.

"म्हणजे मी समोर बसून बोलले तरी?"

"समोरचा आवाजही यंत्रातूनच जातो ना, मॅडम. यादीतला असेल तर गाळला जाणार."

"माझ्या वडिलांना ते यंत्र आहे," वैजयंता म्हणाली. "यंत्राशिवाय त्यांना ढग गडगडलेला कळत नाही. डोळे काचबिंदूनं गेले. लिहून दाखवता येत नाही. माझा आवाज एवढाच काय तो..."

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आरोग्यवाले म्हणाले, विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठवता येईल, पण यंत्र परदेशी कंपनीचं, वेळ लागेल. पोलीस अधिकाऱ्यांना चांगली कल्पना सुचली. "तुम्हाला दुसरा आवाज देऊ की. फोनमध्ये बोलायचं, स्पीकरमधून दुसऱ्या बाईचा आवाज निघेल. हवा तसा निवडा."

"परक्या बाईच्या आवाजात मी त्यांना सांगायचं की मी तुमची लेक आहे?" वैजयंता म्हणाली. "साहेब, असं सांगणाऱ्याला दारात उभं करू नका, हे मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय."

"माणसाचा आवाज त्याच्या तोंडी संमतीशिवाय बंद करता येत नाही," पारसनीस मॅडम म्हणाल्या. "कायदा आहे आणि चांगला आहे. मी तुम्हाला हुकूम देऊ शकत नाही. पण मी हेही लपवणार नाही, की आपण बोलत बसलोय तोवर गावंच्या गावं ते वाक्य म्हणतायत."

"मला घरी जाऊ द्या. आबांना समोर बसून सांगते, त्यांना पटू दे. तिथूनच संमती देते."

"जा," मॅडम म्हणाल्या. "गाडी घ्या. इक्बालला न्या."

कात्रजचा बोगदा मागे पडला. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. आबा, मी आता दिसेन, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही, पण असेन. छे. आबा, मी आले की तुमच्या खांद्यावर दोनदा थोपटीन, ती खूण. हे चांगलं होतं. शांतपणे, दोनतीनदा सांगितलं की त्यांना पटेल. आबा हट्टी होते, पण समोर बसून सांगितलेलं ऐकायचे.

शिरवळजवळ ड्रायव्हर चहाला थांबला. टपरीच्या बाकावर एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन एसटीची वाट बघत बसला होता. हातात फोन नव्हता, आणि तो हवेशी बोलत होता.

"मी, मारुती सखाराम जगदाळे..."

त्याच्या कानामागे आबांसारखंच बटणाएवढं यंत्र होतं. वैजयंता धावली. त्याच्यापुढे उकिडवी बसून म्हणाली, "काका, थांबा. पुढचं म्हणू नका."

म्हातारा दचकला. "आँ? आत्ता तर म्हना म्हनलीस."

"ती मी नाही. तुमच्या कानात बोलतेय ती खोटी आहे. माझ्याकडे बघा. मी खरी."

त्यानं मान कलती केली. आतली काहीतरी सांगत होती. वैजयंताला ते ऐकू येत नव्हतं, पण आपणच काय सांगत असू ते तिला कळत होतं. घाबरू नका, समोरच्या बाईकडे लक्ष देऊ नका, हळूहळू म्हणा. तिनं आवाज चढवला तशी आतलीनंही चढवला असणार. म्हाताऱ्यानं दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले. त्याचा काय उपयोग, आवाज आतूनच येत होता.

"येकीनं बोला वो बायांनो," तो रडवेला होऊन म्हणाला. "दोगी नगा बोलू. मी कुनाचं ऐकू?"

इक्बालनं पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं तो झिडकारला. टपरीवरची माणसं उठली, म्हाताऱ्याला का धरताय म्हणून इक्बालच्या अंगावर धावून आली. त्या गोंधळात, धापा टाकत, आज्ञाधारक पोरासारखं मारुती जगदाळेनं वाक्य पुरं केलं. "...माझ्या राजीखुशीनं संमती देतो." मग त्याचा चेहरा सैल पडला. आतली गप्प झाली होती. तिचं काम झालं होतं.

वैजयंता तिथंच मातीत बसून राहिली. हे आत्ता आंबेघळमध्ये आबांच्या डोक्यातही चालू असेल, असं तिच्या मनात आलं. घरी पोचायला अजून अडीच तास तरी होते. तेवढ्यात असे किती म्हातारे आपला आवाज ऐकून फसणार, याचा हिशेब तिनं केला नाही. तिच्यानं तो झालाच नसता. स्वतःच्या आवाजाचा तिला इतका राग आला की गळा धरावासा वाटला.

"इक्बाल, लाव ते," ती म्हणाली.

"ताई, घरी पोचून..."

"लाव म्हणते ना."

त्यानं फोन पुढे धरला. तिनं श्वास घेतला. "मी, वैजयंता नामदेव खरात, माझा आवाज बंद करायला माझ्या राजीखुशीनं संमती देते." शेवटच्या शब्दावर सूर नेहमीसारखा जरा खाली आला.

"तासाभरात यादी ताजी होईल," इक्बाल म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

गाडी सुटल्याबरोबर तिनं आबांना फोन लावला. त्यांच्या यंत्रातच फोन होता. खूप वेळानं लागला.

"आबा, मी वैजंता."

"कोन?"

"वैजंता. आबा, नीट ऐका, वेळ थोडा आहे. तासाभरानं माझा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही."

"आता माझा नंबर आला व्हय?" आबा म्हणाले. "समद्या आळीला गंडवून झालं. शेजारच्या हौसाकडनं बी वदवून घेतलंस. माझ्याकडनं न्हाय व्हायचं त्ये."

"आबा, मी खरी आहे हो. आई गेली त्या दिवशी तुम्ही गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलात. मी दाराआडून बघितलं. तुम्हाला कधी बोलले नाही."

मग आबांचा आवाज एकदम बारीक झाला. "ह्ये तर कुनालाच ठावं न्हाय."

"म्हणून तर सांगितलं."

"मग तुला कुनी सांगितलं?" आबा म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात संताप होता. "माझी पोरगी म्हनती, घरातलं गुपित सांगितलं म्हनून मानूस आपलं व्हत न्हाय. मेलेल्या मानसाला तरी सोडा रं. लाज वाटू द्या जरा."

"बरं. बरं आबा. मग फोन ठेवा आणि तुम्ही मला लावा. तुमच्याकडचा नंबर लावा, म्हणजे पटेल."

"त्येच करनार हाय. लेकीला लावतो आन् तुझं समदं सांगतो."

फोन बंद झाला. वैजयंताच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्यात अभिमानही होता. राज्यभर सुशिक्षित माणसं फसत होती आणि तिचा ऐंशी वर्षांचा बाप लोखंडासारखा उभा होता. फोन मांडीवर ठेवून ती वाट बघायला लागली. आता वाजेल.

तो वाजला नाही. तिनं लावून पाहिला, लागेना. इक्बालनं आपला पाहिला.

"सगळं राज्य एकमेकांना उलटे फोन लावतंय, ताई. सगळ्या लाइनी जाम आहेत." मग तो हळूच म्हणाला, "आपणच शिकवलंय."

सातारा गेलं. उंब्रज आलं. फोन तिनं मुठीत धरून ठेवला होता. ड्रायव्हरला ती सारखी म्हणत होती, जरा जोरात घ्या, आणि तो बिचारा घेतच होता. उंब्रजहून पाटणच्या रस्त्याला लागल्यावर इक्बालनं फोनवर आवाजाची रेघ उघडली. "ताई, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

रेघ सपाट राहिली. तो "बघू" म्हणाला तेव्हा ती उडी मारून वर गेली आणि खाली आली. तिनं आबांचं नाव घेतलं, गाणं म्हटलं, किंचाळली. ड्रायव्हरनं घाबरून मागे पाहिलं. रेघ सपाटच.

पाटणच्या स्टँडवर दवंडी लागली. उभ्या असलेल्या माणसांनी फोन कानाजवळ नेले आणि थोडा वेळ तसेच धरले. आतून काहीच आलं नाही. "रेंज गेली वाटतं," एक जण म्हणाला आणि फोन खिशात टाकून वडापावच्या गाड्याकडे वळला. राज्यातली लाखो माणसं त्या क्षणी वाचली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. वैजयंताला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. तिला फक्त घरी पोचायचं होतं.

आंबेघळात पोचेस्तोवर उन्हं कलली होती. शेजारच्या हौसावहिनी पायरीशीच उभ्या होत्या. आबांचं जेवणखाण त्याच बघायच्या. इक्बालनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या बाई शहाण्या होत्या. पदर खोचून आत गेल्या.

"आबा, वैजंता आलीया. तिचा आवाज सरकारनं बंद केलाय, म्हनून तुमास्नी ऐकू यायचा न्हाय. तुमच्या म्होरंच उभी हाय."

आबा खाटेवर ताठ बसले होते. "हौसा हायस का हौसाचा आवाज? काल तुझा बी चोरलाय म्हनं."

"आवो, मीच. भाकरी दिली न्हाय का दुपारच्याला?"

"भाकरी दिल्याचं बी त्येंला ठावं असतंय," आबा म्हणाले. "वैजंता आली आसंल तर बोलू दे तिला."

वैजयंता खाटेपाशी बसली. खांद्यावर दोनदा थोपटायची खूण तिला आठवली, पण ती खूण सांगायचीच राहून गेली होती. तिनं त्यांचा हात हातात घेतला. आबा शहारले. लेक मोठी झाल्यापासून त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता. त्यांच्या पिढीत, त्यांच्या गावात बाप वयात आलेल्या लेकीला असा धरत नसे. माया होती ती सगळी बोलण्यात होती, पायरीवरून मारलेल्या हाळीत आणि आतून आलेल्या "आलीस का" मध्ये. हा हात कुणाचा ते त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"कोन हाय?" त्यांनी हात हिसकला. "बोल की. बोलत का न्हाईस?"

ती बोलली. कानाशी तोंड नेऊन बोलली, ओरडली, आबा, आबा म्हणून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. हौसावहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आबांनी ते रडणं ऐकलं. हौसाला कुणीतरी धरलंय असं वाटून ते आणखीनच घाबरले, उभे राहून दोन्ही हात हवेत फिरवत म्हणाले, "जावा हितनं. माझी पोरगी पोलिसात हाय. आत्ता बोलावतो तिला. जावा."

म्हाताऱ्याचा ऊर भात्यासारखा चालला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर काहीतरी होऊन बसलं असतं. वैजयंता उठली. तिनं हौसावहिनींना हाताला धरून बाहेर काढलं आणि उंबऱ्यापलीकडे आली. आत भिंत चाचपत येणारी पावलं ऐकू आली. दार लोटलं गेलं आणि कडी बसली.

मग तिच्या मुठीतला फोन वाजला. पडद्यावर आबांचं नाव होतं.

"लागला एकदाचा," आबा म्हणाले. आवाज आधी दाराच्या फटीतून आला आणि पाठोपाठ फोनमधून. "वैजंता, आगं कवाधरनं लावतोय तुला. तुझ्या आवाजात येकीनं फोन केलता, तिला म्या हाकलली. आन् आता घरातच कुनीतरी शिरलंतं. बोलत न्हवतं, नुसतं हात धरत हुतं. म्या कडी लावून घेतलीया."

"मीच होते आबा."

"हॅलो? वैजंता? ऐकू येईना गं. रेंज न्हाय जनू." आत खाट करकरली. आबा बसले असावेत. "बरं, तू बोलू नगंस, नुसतं ऐक. मी भ्यालो न्हाय. पर तू ये. आन् आलीस की पायरीवरनं हाळी मार. तुझा आवाज आल्याबिगर मी कुनाला बी कडी काढनार न्हाय. आसंच सांगितलंयस न्हवं तू?"

वैजयंता पायरीवर बसली. तिनं डोकं दाराला टेकलं.

"हो आबा," ती म्हणाली.